माझ्या कार्डावरचा तुझा आजार

दिनू, ही गोष्ट मी पंचवीस वर्षं सांगायची टाळली. विसरलो होतो असं नाही. कितीदा तोंडापर्यंत आली आणि कितीदा गिळली, हे तुला माहीत आहे, कारण त्यातल्या निम्म्या वेळा तू समोर होतास. माझ्याकडे एक चांगली सबब होती: तू सांगू देत नव्हतास. आता तू नाहीस, म्हणजे सबबही गेली.

आधीच सांगतो, हे प्रेमाने लिहिलेलं नाही. माणूस गेला की आपल्या मराठी मंडळाच्या अंकात जे छापून येतं, दिलखुलास, हरहुन्नरी, अडीअडचणीला धावून जाणारा, ते तुझ्याबद्दल दुसरं कुणीतरी लिहील आणि ते खोटंही नसेल. पण तू मला आवडत नव्हतास. गेली वीस वर्षं तर अजिबात नाही. तुझ्या दाराची बेल वाजवताना मला परत फिरावंसं वाटायचं आणि तू दार उघडून ‘या मेहुणे’ म्हणालास की आणखीच. तू हसत म्हणायचास. ते हसू कशाचं आहे, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं.

तू गेल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये सभा झाली. तुझा निखिल बोलायला उभा राहिला. फरीदाबादमध्ये वाढलेलं पोर, त्याचं मराठी तुला ठाऊकच आहे. म्हणाला, “बाबांना किडनीची टेस्ट करायला सांगितलं होतं. मामा स्वतः सांगून आले होते. पण बाबा म्हणजे बाबा, टाइमच नाही. नंतर आईला स्वतःची किडनी द्यावी लागली. प्लीज, तुम्ही लोक असं करू नका. बीपी चेक करवा.” सगळ्या हॉलने माझ्याकडे वळून पाहिलं, आदराने. आणि मी मान हलवली.

ती मान मी का हलवली, हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

आपण एकाच मंत्रालयात एकाच वर्षी लागलो. करोल बागेत गच्चीवरची एक खोली, दोन खाटा, एक स्टोव्ह. तू तिथेही माझ्यापेक्षा चलाख होतास. बॉसचा मूड, बसचा नंबर, घरमालकिणीची मर्जी, सगळं तुला आधी कळायचं. मग तू माझ्या बहिणीशी, शैलाशी, लग्न केलंस. आई म्हणाली, आता त्यांना अहो म्हणायचं. त्यामुळे चारचौघांत ‘दिनकरराव’ आणि एकटे असलो की ‘दिनू’, असं आपलं आयुष्यभर चाललं. तू मात्र एकांतातही ‘मेहुणे’च म्हणायला लागलास. मला त्यात नेहमी टोमणा ऐकू यायचा. असेलही, नसेलही.

नव्वदनंतर दिल्लीच्या चारी बाजूंनी नवी गावं उठायला लागली आणि तू सरकारी नोकरी सोडलीस. फरीदाबादला ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत खरेदी विभागाचा मॅनेजर. घरी फोन, दारात मारुती, सेक्टरमधला भाड्याचा फ्लॅट. दर रविवारी तू शैलाला घेऊन आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये यायचास आणि आमचा उडालेला रंग पाहून हसायचास. म्हणायचास, “मेहुणे, सरकार म्हणजे पेन्शनची वेटिंग रूम आहे यार. गाडी येईपर्यंत नुसतं बसायचं.” मी हसायचो. दुसरं काय करणार होतो?

आणि या वेटिंग रूमकडेच तू औषधं मागायला आलास.

तुझं डोकं दुखायचं. गुडघेही दुखायचे. मी म्हटलं, फरीदाबादेत डॉक्टर नाहीत का? तू म्हणालास, कंपनीच्या डॉक्टरकडे गेलं की दुसऱ्या दिवशी मालकाला कळतं, आणि बाहेरच्याकडे गेलं तर तो चार तपासण्या लिहितो आणि त्या कागदांचा वास ऑफिसात पोचतोच. “प्रायव्हेटमध्ये आजारी माणूस परवडत नाही. तुमच्याकडे आजारी माणसाला प्रमोशन मिळतं.” त्यात थट्टा होती तशी भीतीही होती. ती मला तेव्हा दिसली नाही. आज लिहिताना दिसते आहे.

सरकारी कॉलनीत न राहिलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे सरकारी दवाखान्याचं कार्ड एकाचं असायचं आणि आजार सगळ्या खानदानाचा. शेजारचे गृहस्थ गावाकडच्या सासूचे डोळ्यांचे थेंब बायकोच्या नावावर आणायचे. वरच्या मजल्यावरच्या बाई भावाचा खोकला स्वतः खोकून दाखवायच्या. कुणाला ते चुकीचं वाटत नव्हतं. नातेवाईक आला की त्याला चहा द्यायचा आणि त्याचं दुखणं आपल्या कार्डावर घ्यायचं, अशीच रीत होती. मीही घेतलं.

रविवारी तू मला शिकवायचास. दुखतं कुठं? डोक्याच्या मागे, मानेच्या वर. कधी? सकाळी उठल्या उठल्या, दहापर्यंत कमी होतं. मी चिठ्ठीवर लिहून घ्यायचो. गुडघ्याचं मी जमवून घेतलं होतं. दवाखान्याच्या फाटकापासून जरा पाय ओढत चालायचं. तू माझी नक्कल पाहून म्हणायचास की डाव्या पायाने लंगड, उजव्याने लंगडलास की नाटक वाटतं. शैला पदर तोंडाला लावून हसायची. हो, आपण खूप हसायचो, हेही लिहिलं पाहिजे.

दवाखान्यातल्या डॉक्टर भाटिया बाई चांगल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे शैलाने त्यांनाही शिव्या घातल्या. बाहेर साठ माणसांची रांग असायची, तरी बाई प्रत्येकाला हात लावून बघायच्या. सकाळी, डोक्याच्या मागे दुखतं म्हटल्यावर त्यांनी लगेच रक्तदाबाचं यंत्र ओढलं. माझ्या दंडाला पट्टा बांधला. पारा चढला, उतरला. म्हणाल्या, “पाठक साहब, आपका बीपी तो कॉलेज के लड़के जैसा है. यह दर्द गर्दन का है.” उशी पातळ घ्या, मानेचे व्यायाम करा, आणि दुखलं तर ही गोळी.

संध्याकाळी मी तुला फोन केला: बीपी नाही, मानेचं आहे. तू म्हणालास, “देखा? मी म्हणतच होतो.” आणि शैलाला ओरडून सांगितलंस, बीपी नाहीये.

दिनू, आपण दोघेही पदवीधर होतो. पट्टा माझ्या दंडाला बांधला होता. तरी त्या फोनवर आपल्या दोघांपैकी एकालाही काही खटकलं नाही. तुझं दुखणं बोलून बोलून ते मला माझं वाटायला लागलं होतं, आणि माझी तब्येत तुला तुझी. पुढे तीन वर्षं बाई दर दोन-तीन महिन्यांनी पारा चढवून बघत राहिल्या. बघायचा तोच आजार त्या बघत होत्या, फक्त माणूस चुकीचा होता.

गोळ्या वाढत गेल्या. तू सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर दोन घ्यायचास, जेवल्यावर एक, घरी जाताना एक. मला म्हणायचास, तुझ्या सरकारच्या गोळ्या चांगल्या आहेत, प्रायव्हेटपेक्षा भारी. त्या कौतुकाने मला बरं वाटायचं, हे कबूल करतो. तुला माझ्याकडून लागणारी ती एकच गोष्ट होती.

मग एका शुक्रवारी भाटिया बाईंनी माझी जुनी पानं उलटून पाहिली आणि पेन खाली ठेवलं. इतक्या गोळ्या इतके दिवस घ्यायच्या नसतात, म्हणाल्या. त्या दुखणं मारतात तसं मूत्रपिंडही मारतात, आणि ते दुखत नाही म्हणून माणसाला कळत नाही. सकाळी चेहरा सुजतो का? मी म्हटलं, सुजतो. तुझा सुजत होता, शैलाने सांगितलं होतं. लघवीला फेस येतो का? येतो म्हणालो. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वाकून माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. सुजेचा खड्डा पडला नाही. त्यांच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही.

“गोलियां आज से बंद. मंगल को खाली पेट आइए, खून और पेशाब दोनों देने हैं. टालिएगा मत.”

इथपर्यंतचं मी रीत म्हणून सोडून देऊ शकतो. सगळे करत होते, मीही केलं. पण तपासणीचा तो कागद हातात घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला स्पष्ट कळत होतं की मंगळवारी ज्याने उपाशीपोटी यायचं तो माणूस फरीदाबादमध्ये आहे. त्यानंतर जे केलं ते कळून केलं.

रविवारी तुझ्या घरची वास्तुशांत होती. भाड्याचा फ्लॅट सोडून तू स्वतःचा घेतला होतास. तुला बाजूला घेऊन सांगायचं असं ठरवून मी निघालो होतो. कागद शर्टाच्या खिशात होता. भाटिया बाईंना खरं सांगायचं, कार्ड जप्त झालं तर होऊ दे, नाहीतर तुला बाहेर कुठे नेऊन रक्त तपासायचं. एवढं सगळं बसमध्ये ठरवलं होतं.

तुझ्या कंपनीची माणसं आली होती. सफारी सूट, सोन्याची घड्याळं. तू माझ्या खांद्यावर हात टाकलास आणि त्यांना म्हणालास, “ये हमारे साले साहब, भारत सरकार. इनकी टेबल पर फाइल आ जाए तो वो भी वहीं से रिटायर होती है.” सगळे हसले. मी हसलो. शैलाही हसली, आणि ते मला जास्त लागलं. मग तू माझ्या कानात म्हणालास, “गोळ्या आणल्यास ना?”

मी आणल्या होत्या. बाईंनी बंद करायला सांगितलेल्या गोळ्यांची घरात उरलेली पाकिटं. ती तुझ्या हातात दिली, प्रसादाचे लाडू घेतले आणि बसने परत आलो. खिशातला कागद खिशातच राहिला.

मंगळवारी उपाशीपोटी दवाखान्यात जाऊन मी माझा दंड पुढे केला.

का केलं? आजवर मी स्वतःला सांगत आलो की कार्ड जाईल म्हणून, ऑफिसात चौकशी लागेल म्हणून. ती भीती होती. पण मोठी नव्हती. मला तुझा राग आला होता. मला वाटलं, मी का याच्यासाठी एवढं करू? माझ्या फायलीवर हसतोस ना, मग ही फाईलही आता माझ्या पद्धतीनेच चालेल. इतकं क्षुद्र होतं ते. कुणाचा जीव घ्यायचा म्हणून नव्हे, नुसतं तुझ्यासाठी आणखी एक पाऊल टाकायचं नाही म्हणून.

रिपोर्ट नॉर्मल आला. माझाच तो, येणारच. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. त्याच आठवड्यात शैलाचा ऑफिसात फोन आला: यांचे पायही सुजायला लागलेत, दादा, मला भीती वाटते. मी म्हटलं, “घाबरू नकोस, किडनीची तपासणी झालीय, नॉर्मल आहे.” आणि रविवारी तो कागद तिच्या हातात दिला. कागदावर माझं नाव होतं. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण तुझा प्रत्येक कागद माझ्याच नावाचा असायचा. तिने तो नीट घडी करून तुझ्या फायलीत लावला.

दुसऱ्या दिवशी तू फोन केलास. “मेहुणे, हे रक्त कुणाचं? मी तर दिलं नाही.”

मी म्हटलं, “माझं. फॉर्मॅलिटी होती. कार्डावर औषध चालू ठेवायला लागते.”

तू मोठ्याने हसलास. “चलो, शैलाची कटकट तर थांबली.” आणि फोन ठेवलास. त्यात तुझा वाटा एवढाच. तुला बोलावलं होतं, हे तुला माहीत नव्हतं. बाईंनी गोळ्या बंद केल्या होत्या, हे माहीत नव्हतं. मी ‘फॉर्मॅलिटी’ म्हटलं आणि तू विश्वास ठेवलास. तुझ्या आयुष्यात तू माझ्यावर फारसा कशासाठी विश्वास ठेवला नाहीस. तेवढ्यासाठी ठेवलास.

पुढे बाईंनी गोळ्या लिहिल्या नाहीत, तर तू त्या दुकानातून घ्यायला लागलास. दीड वर्षाने कंपनीच्या मीटिंगमध्ये तुला धाप लागली आणि समोरचं दिसेनासं झालं. दिल्लीतल्या मोठ्या हॉस्पिटलात तुझ्या दंडाला, तुझ्या स्वतःच्या दंडाला, पट्टा बांधला गेला, तेव्हा पारा इतका वर गेला की नर्सने पुन्हा मोजला. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं आक्रसलेली. मोठ्या डॉक्टरांनी शैलाला आणि मला कागदावर चित्र काढून समजावलं. रक्तदाब जास्त राहिला की मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, मूत्रपिंडं खराब झाली की रक्तदाब आणखी वाढतो, आणि वरून या गोळ्या. आधी काय सुरू झालं ते आता कळणार नाही. सकाळची डोकेदुखी, सूज, फेस, सगळं वर्षानुवर्षं सांगत होतं. दीड-दोन वर्षं आधी रक्त तपासलं असतं, गोळ्या थांबवून रक्तदाबाचं औषध दिलं असतं, तर कदाचित बरीच वर्षं निभावलं असतं. कदाचित नसतंही. तो दुसरा ‘कदाचित’ मी आजवर धरून बसलोय.

शैला तुझी फाईल घेऊन आली होती. डायलिसिसच्या खोलीत तू पलंगावर पडलेला, हातातून नळ्या निघालेल्या. तिने तो रिपोर्ट काढला. पहिल्यांदा त्यावरचं नाव नीट वाचलं. “दादा, हा नॉर्मल कसा होता?”

मी म्हणालो, “ते माझं रक्त होतं. डॉक्टरांनी यांनाच बोलावलं होतं. मी यांना सांगितलं होतं, दोनदा. हे आले नाहीत. म्हणाले, वेळ नाही, तूच दे.”

हे वाक्य मी आधी जुळवून ठेवलं नव्हतं. तोंडातून सरळ आलं. आणि डॉक्टरांनी आपल्याला बोलावलं होतं, हे तुला त्या क्षणी, माझ्या खोट्यातून कळलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीकडे पाहिलं. शैला तुला विचारत होती, हे खरं आहे का, दादा सांगत होता आणि तुम्ही गेला नाहीत?

तू म्हणालास, “हो. मला वेळ नव्हता.”

का म्हणालास? तू चलाख होतास, एका वाक्यात मला उघडा पाडू शकला असतास. मी ते सहन केलं असतं, निदान तेव्हा तरी. शैलाने मला घराबाहेर काढलं असतं आणि आपण सुटलो असतो.

शैलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात दात्यांच्या तपासण्या झाल्या. मी हट्टाने पुढे गेलो. माझा रक्तगट बी, तुझा ओ. कामाचा नाही म्हणाले. जे रक्त मी तुझं म्हणून खपवलं होतं, ते खऱ्या कामाला चाललं नाही. शैलाचा ओ होता. तिची किडनी तुला बसली.

त्यानंतरच्या वीसेक वर्षांबद्दल लोक म्हणतात, असा मेहुणा मिळायला भाग्य लागतं. तुझी औषधं मी आणायचो. महिन्याच्या तपासणीला मी न्यायचो, आधी फरीदाबादहून टॅक्सीने, मग मेट्रो आल्यावर मेट्रोने. रांगेत मी उभा राहायचो आणि तू मास्क लावून बाकावर पेपर वाचायचास. आता प्रत्येक वेळी रक्त तुझंच घेतलं जायचं. कुणी माझी स्तुती केली की तू मास्कच्या वरून डोळ्यांनी हसायचास. म्हणायचास, “बिल्कुल. सरकारी माणूस आहे, ड्यूटीला पक्का.” मला तुझा गळा दाबावासा वाटायचा.

घरात शैला तुला बोलायची, रोज. पथ्य मोडलंस की, औषधाला पाच मिनिटं उशीर झाला की. तुमच्या एका आळसापायी माझ्या अंगाला चीर पडली. दादा सांगून थकला, तुम्हाला मीटिंगा होत्या. तू ऐकून घ्यायचास. कधीकधी मी तिथेच सोफ्यावर असायचो, हातात तिने दिलेले पोहे. तू माझ्याकडे बघायचासही नाहीस. बघितलं असतंस तर बरं झालं असतं.

एकदा, फक्त एकदा, मी सुरुवात केली. तपासणीहून परतताना मेट्रोच्या स्टेशनवर आपण बसलो होतो. मी म्हटलं, “दिनू, शैलाला मी सांगून टाकतो.”

तू पेपर खाली न ठेवता म्हणालास, “काय सांगतोस? आई-अण्णा गेले. तिला तू एकटा आहेस. मी गेलो की ती कुणाकडे बघणार? गप्प बस.”

“आणि तुला ती रोज बोलते त्याचं काय?”

“नवऱ्याला बोलायला कारण लागत नाही, मेहुणे. हे नसतं तर दुसरं असतं.”

मी भांडलो. म्हणालो, हा उपकार मला नको आहे, तुला फक्त मला खाली ठेवायचंय. तू म्हणालास, असेल, ते पण असेल. आणि गाडी आली. आपलं ते भांडण तिथेच राहिलं. मनातल्या मनात मी तुला विचारायचो, तू थोर आहेस की दुष्ट, आणि तू ‘दोन्ही’ म्हणून मोकळा व्हायचास. शैला म्हणेल, त्यांनी तुला वाचवलं. मी म्हणतो, त्याने मला बांधून घातलं. पण दोरी मीच आणून दिली होती आणि सुटायला मला तुझी परवानगी लागत नव्हती. तू गप्प बस म्हणालास तेव्हा मला आतून किती हलकं वाटलं होतं, तेच मी तुला कधी माफ केलं नाही.

एक मात्र लिहितो. माझी बायको गेली तेव्हा तुला गर्दीत जायला सक्त मनाई होती. तुझी प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी करून ठेवलेली, साधी सर्दी महागात पडली असती. तरी तू निगमबोध घाटाच्या स्मशानात आलास, मास्कवर मास्क लावून, आणि सगळे जाईपर्यंत माझ्या शेजारी उभा राहिलास. घरी जाऊन आठ दिवस तापाने पडलास. मी तेव्हाही चिडलो होतो. तुझं माझ्यावर आणखी काही चढवून ठेवायला तू आला आहेस, असंच मला वाटलं. आज वाटतं, तू फक्त आला होतास.

सभेनंतर चौथ्या दिवशी मी फरीदाबादला गेलो आणि शैलाला सगळं सांगितलं. खिशातला कागद, मंगळवार, फॉर्मॅलिटी, डायलिसिसच्या खोलीतलं माझं वाक्य. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली. मग एवढंच विचारलं, “त्यांना कधी कळलं?”

मी म्हटलं, “तुझ्यासमोरच. मी बोललो तेव्हा.”

निवडलेली भाजी बाजूला सारून ती म्हणाली, “मग मी त्यांना इतकी वर्षं जे बोलले, ते आता कुणाकडून परत घेऊ?”

मी निघालो तेव्हा तिने दारात सांगितलं, की निखिल ज्यांच्यासमोर बोलला त्या सगळ्यांना हे कळलं पाहिजे, मंडळाच्या अंकात लिहून दे, आणि ते छापून येईपर्यंत माझ्याकडे येऊ नकोस. छापून आल्यावर यायचं का, हे तिने सांगितलं नाही. तू ज्याला घाबरत होतास ते झालं आहे. तुझ्या बायकोचं माहेर मी संपवलं. तेही तुझ्या हयातीत संपवण्याची हिंमत मला झाली नाही.

म्हणून ही नोंद. दिनकररावांनी तपासणी टाळली नाही. त्यांना तपासणीचं सांगितलंच नव्हतं. ज्याने सांगायचं तो मी. निखिल, हे तुझ्यासाठी. तुझ्या बाबांचं उदाहरण लोकांना जरूर दे, पण बरोबर दे. दुसऱ्याच्या दंडावर आपलं बीपी मोजता येत नाही, आणि ओळखीतून आणलेल्या गोळीबरोबर तिचा धोका सांगणारा माणूस येत नाही. हे सांग.

तू जाण्याच्या दोन दिवस आधी मी हॉस्पिटलात आलो होतो. छातीत संसर्ग पसरला होता, शैलाची किडनीही थकली होती. ती निखिलबरोबर डॉक्टरांना भेटायला गेली आणि आपण दहा मिनिटं एकटे होतो. दुपारचं ऊन तुझ्या चादरीवर पडलं होतं. तू शुद्धीत होतास. ऑक्सिजनच्या मास्कमधून तू मला बसायची खूण केलीस. मी बसलो. मी शब्द बरोबर आणले होते, घरी आरशासमोर म्हणून पाहिले होते. आणि मी तुला काय सांगितलं? बाहेर पार्किंग मिळत नाही. नव्या फ्लायओव्हरचं काम अजून चाललंय. दहा मिनिटं मी फ्लायओव्हरबद्दल बोललो. तू ऐकत राहिलास, मग डोळे मिटलेस आणि शैला परत आली.

आणले होते ते शब्द फार नव्हते. दिनू, बाईंनी तुला बोलावलं होतं. मी तुला सांगितलं नाही, कारण मला तुझा राग आला होता. मग तुझ्या अंगात नळ्या असताना तुझ्यावर आळ घेतला, आणि तू तो अंगावर घेतलास म्हणून तुझाच राग धरला. माझं चुकलं. मला माफ कर.